कॉल लागतो, पण आवाज एकाच बाजूने: ऑफिसच्या आयपी फोनचं नेहमीचं दुखणं

जुना ईपीएबीएक्स काढून आयपी फोन बसवले की पहिल्या महिन्यात हमखास येणारी तक्रार: फोन वाजतो, उचलला जातो, आणि पुढे एक बाजू नुसतीच ‘हॅलो... हॅलो...’ करत राहते. समोरच्याचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला जात नाही. किंवा नेमकं उलट. मग फोनवाला म्हणतो नेट खराब, नेटवाला म्हणतो फोन खराब. दोघांना बोलावण्याआधी खालचं तपासून घ्या. बरंचसं फुकटात होतं.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं कोणतं घडतं, ते आधी ठरवा.

- बाहेरच्या कॉलवर एकाच बाजूचा आवाज, पण ऑफिसातल्या ऑफिसात एक्स्टेंशन ते एक्स्टेंशन सगळं ठीक.
- कॉल दर वेळी ३० ते ३२ सेकंदांनी कट.
- कॉल बरोबर १५ किंवा ३० मिनिटांनी कट.
- बाहेर केव्हाही लागतो. येणारा कॉल मात्र फोन रीस्टार्ट केल्यावर थोडा वेळ वाजतो, मग वाजायचा बंद होतो.
- दहातले तीन-चार कॉल मुके, बाकीचे उत्तम.
- लाइट जाऊन आली की सुरू होतं.
- मुख्य ऑफिसशी बोलणं नीट, पण एका शाखेतून दुसऱ्या शाखेत लावला की शांतता.
- आवाज दोन्हीकडून येतो, पण तुटक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. हे दुखणं वेगळं आहे, त्याचं शेवटी थोडक्यात.

असं होतं का

आयपी फोनच्या एका कॉलमध्ये दोन वेगळे प्रवास असतात. घंटी वाजवणं, उचलणं, ठेवणं हे निरोप ‘सिप’ सांभाळतं, बहुधा ५०६० पोर्टवरून. प्रत्यक्ष बोलणं आरटीपीच्या पाकिटांतून जातं: वेगळ्या पोर्टवरून, कधी कधी वेगळ्याच सर्व्हरकडे, प्रत्येक दिशेने सेकंदाला ५० पाकिटं. घंटी वाजली म्हणजे निरोपाचा रस्ता मोकळा आहे, एवढंच कळतं. आवाजाच्या रस्त्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

शिवाय आवाज कुठे पाठवायचा तो पत्ता त्या निरोपाच्या आत लिहिलेला असतो. पीबीएक्सने (ऑफिसचे सगळे फोन जोडणारी यंत्रणा) तिथे १९२.१६८.१.५० असा ऑफिसच्या आतला पत्ता लिहिला, तर तो पत्ता ‘मारुतीच्या देवळामागे’ अशा थाटाचा झाला. गावातल्या माणसाला पुरतो, बाहेरगावच्या पोस्टमनला नाही, कारण मारुतीचं देऊळ गावोगावी आहे. समोरच्याचा आवाज मग आपल्यापर्यंत पोचत नाही. आपला मात्र पोचतो, कारण त्याने दिलेला पत्ता पूर्ण होता. एकतर्फी आवाजाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ हेच.

१. कागद, पेन आणि घड्याळ

कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी चार प्रकारचे कॉल करा: एक्स्टेंशनवरून एक्स्टेंशनला, एक्स्टेंशनवरून मोबाइलला, मोबाइलवरून ऑफिसच्या नंबरला, आणि पीबीएक्सच्या इको टेस्टला. फ्रीपीबीएक्समध्ये (पीबीएक्सचं एक मोफत सॉफ्टवेअर; ॲस्टेरिस्क हा त्याचा गाभा) इको टेस्टचा नंबर *४३ असतो. त्यावर तुमचं बोलणं तुम्हालाच परत ऐकू येतं. प्रत्येक कॉलची वेळ, दिशा, कुणाला ऐकू आलं नाही आणि कितव्या सेकंदाला कट झाला, हे लिहा. एकूण दहाएक कॉल होऊ द्या.

इको टेस्टवर स्वतःचा आवाज नीट आला, तर फोन, केबल, स्विच आणि पीबीएक्सपर्यंतचा रस्ता हे संशयातून बाद. पुढचं सगळं राउटर आणि ट्रंकच्या (पीबीएक्सला टेलिकॉम कंपनीशी जोडणारी लाइन) बाजूला शोधायचं. नाही आला, तर राउटरच्या मागे लागू नका. दोष तुमच्याच भिंतींच्या आत आहे.

सेकंदांना विशेष महत्त्व आहे. कॉल उचलल्यावर उचलणाऱ्या बाजूकडून ‘ठीक, जोडला’ असा निरोप जातो आणि त्याची पोच यावी लागते. पोच आली नाही, तर तो निरोप पुन्हा पुन्हा पाठवला जातो, आधी अर्ध्या सेकंदाने, मग अंतर वाढत ४ सेकंदांपर्यंत. ३२ सेकंद झाले की उचलणारी बाजू नाद सोडून कॉल ठेवते. हे आकडे सिपच्या २००२ च्या मानकातच आहेत, म्हणून कुठल्याही कंपनीचा फोन घेतला तरी ३२ च. थोडक्यात, ३२ व्या सेकंदाला कट होणारा कॉल सांगतो की पोच चुकीच्या पत्त्यावर गेली. नेटचा वेग वाढवून यात काडीचा फरक पडणार नाही.

बरोबर ३० सेकंदांनी कट होत असेल, तर थोडं वेगळं. बऱ्याच पीबीएक्सवर ‘इतका वेळ समोरून आवाजाचं एकही पाकीट आलं नाही, तर कॉल तोडा’ अशी मर्यादा असते. फ्रीपीबीएक्समध्ये ती साधारणपणे ३० सेकंद, आणि होल्डवर ३०० सेकंद ठेवलेली आढळते. होल्डवर टाकलेला गिऱ्हाइकाचा कॉल पाच मिनिटांनी तुटतो, अशी तक्रार असेल तर तिथे बघा. ३० चं ९० करून काही साधत नाही, तितका जास्त वेळ मुका कॉल चालेल एवढंच.

२. फोन स्वतः

एकाच टेबलावर तक्रार असेल, तर शेजारचा चालणारा फोन त्या केबलला लावा आणि हा फोन शेजाऱ्याच्या केबलला. दोष फोनबरोबर गेला तर फोन, जागेवर राहिला तर केबल किंवा स्विचचा पोर्ट. हँडसेटची गुंडाळी वायर दोन्ही टोकांना दाबून बसवा. तिच्या चारपैकी माइकची तार ढिली झाली की नेमका एकतर्फी आवाज होतो. हेडसेटचं बटण चुकून चालू राहिलं की हँडसेटमध्ये बोललेलं कुठेच जात नाही, हेही वरचेवर घडतं.

कॉम्प्युटरवर सॉफ्टफोन असेल, तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये त्याला मायक्रोफोनची परवानगी आहे का ते बघा. शिवाय ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडला आहे की काढून ठेवलेला जुना हेडसेट, हेही पाहा. विंडोज फायरवॉलने ऑफिसच्या नेटवर्कला ‘पब्लिक’ ठरवलं असेल, तर येणारा आवाज अडतो. ते ‘प्रायव्हेट’ करा.

३. राउटरमधलं सिप एएलजी

एकाच ठिकाणी हात घालायची मुभा असती, तर तो इथेच घालावा. निरोपातला आतला पत्ता राउटरने स्वतः ओळखून खोडावा आणि बाहेरचा लिहावा, अशी या सोयीमागची कल्पना. आजचे पीबीएक्स आणि क्लाउड सेवा हे काम आपापलं करतात. एकाच पत्त्यावर दोघांनी खाडाखोड केली की पत्ता धड कुणाचाच राहत नाही. स्वस्त राउटर तर एक ओळ बदलून दुसरी तशीच सोडतात.

टीपी-लिंकच्या बऱ्याच राउटरांत ‘नॅट फॉरवर्डिंग’खाली ‘एएलजी’चं पान असतं, तिथली सिप एएलजीची खूण काढा. मायक्रोटिकमध्ये ‘आयपी’, मग ‘फायरवॉल’, मग ‘सर्व्हिस पोर्ट्स’. तिथली सिपची ओळ डिसेबल करा. फोर्टिगेटमध्ये ते दोन ठिकाणी दडलेलं असतं, सेशन हेल्परमध्ये आणि व्हॉइपच्या एएलजीत. एक बंद केलं की काम झालं असं वाटतं आणि दुसरं चालूच असतं. ते कमांड लाइनचं काम आहे, फायरवॉलचा एएमसी ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून करून घ्या.

बंद केल्यावर राउटर रीस्टार्ट करायलाच हवा. जुन्या जोडण्या राउटरच्या तक्त्यात जिवंत असेपर्यंत तो जुन्याच रीतीने वागतो. ‘एएलजी बंद करून पाहिलं, काही फरक नाही’ असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी रीस्टार्ट केलेला नसतो.

एएलजीवर संशय आहे पण राउटरचा पासवर्ड नेटवाल्याकडे आहे, अशा वेळी एक स्वस्त चाचणी. सेवा देणाऱ्याकडे सोय असेल, तर एका फोनवर ट्रान्सपोर्ट यूडीपीऐवजी टीएलएस करा, पोर्ट ५०६१. निरोप कुलूपबंद झाला की एएलजीला तो वाचताच येत नाही. तेवढ्याने आवाज आला तर चोर सापडला.

४. दुहेरी नॅट आणि लाइट गेल्यावरचा गोंधळ

राउटर आतला पत्ता बदलून बाहेरचा लावतो, त्याला नॅट म्हणतात. राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. मग त्याच लाइनवरच्या कॉम्प्युटरवर ‘माझा आयपी काय’ असं ब्राउझरमध्ये शोधा. दोन्ही आकडे एकच असतील तर पुढे चला.

वॅन आयपी १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल, तर बहुधा नेटवाल्याने भिंतीवर लावलेला फायबरचा डबाही राउटरचं काम करतो आहे. म्हणजे पत्ता दोनदा बदलतो. डबा ब्रिज मोडला टाकायला सांगा, म्हणजे तो राउटरचं काम सोडेल. ते लोक हे बहुधा आपल्या टोकाकडूनच करून देतात. मात्र आधी पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड मागून घ्या. ब्रिज केल्यावर लॉगिन तुमच्या राउटरला करावं लागतं, आणि ते हाताशी नसलं तर ऑफिसचं नेट दिवसभर बंद.

आकडा १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान असेल, तर नेट कंपनीने शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एक बाहेरचा पत्ता दिला आहे. पीबीएक्स क्लाउडवर असेल तर यावर बहुधा निभावतं, कारण तुमचे फोन स्वतःच बाहेर जाऊन वाट उघडतात. पीबीएक्स ऑफिसात आणि माणसं बाहेरून जोडणारी असतील, तर निभावत नाही. स्टॅटिक आयपी विकत घ्या.

स्टॅटिक आयपी नसेल, तर लाइट जाऊन आल्यावरच्या तक्रारीचा उलगडाही इथेच होतो. राउटर पुन्हा चालू झाला की त्याला नवा बाहेरचा पत्ता मिळतो, आणि पीबीएक्स निरोपात जुनाच लिहीत बसतो. सगळं बंद करून चालू केलं की कधी जातं, कधी नाही, ते नशिबावर. पत्ता पुन्हा जुना मिळाला तर जातं. फायबरचा डबा, राउटर, पीओई स्विच आणि पीबीएक्स हे चारही एकाच यूपीएसवर घ्या. नुसता पीबीएक्स यूपीएसवर ठेवून फायदा नाही.

५. पीबीएक्सला स्वतःचा पत्ता माहीत आहे का

फ्रीपीबीएक्समध्ये ‘सेटिंग्ज’खाली ‘ॲस्टेरिस्क सिप सेटिंग्ज’ उघडा. ‘एक्स्टर्नल ॲड्रेस’मध्ये मघाशी ब्राउझरने दाखवलेला आकडा हवा. ‘लोकल नेटवर्क्स’मध्ये ऑफिसचं, आणि व्हीपीएनने (इंटरनेटमधून काढलेली खाजगी वाट) जोडलेल्या प्रत्येक शाखेचं नेटवर्क हवं. ही दुसरी यादी बहुतेकांची चुकते. शाखा राहून गेली, तर पीबीएक्स शाखेतल्या फोनला बाहेरचा पत्ता देतो आणि आवाज व्हीपीएन सोडून भलतीकडे जातो. कुणी घाईत सगळंच जग लोकल म्हणून टाकलं, तर बाहेरच्यांना ‘मारुतीच्या देवळामागे’ मिळतं.

बाहेरून जोडणाऱ्या प्रत्येक एक्स्टेंशनवर ‘आरटीपी सिमेट्रिक’, ‘रीराइट कॉन्टॅक्ट’ आणि ‘फोर्स आरपोर्ट’ या तिन्हींना ‘येस’, आणि ‘डायरेक्ट मीडिया’ला ‘नो’. पहिल्या तिघांचा अर्थ: निरोपात काय लिहिलंय ते सोड, पाकीट प्रत्यक्ष जिथून आलं तिथेच उत्तर दे. चौथ्याचा अर्थ शाखांच्या भागात येईल.

मग पोर्ट. ॲस्टेरिस्कमध्ये आवाजासाठी सर्रास १०००० ते २०००० यूडीपी ठेवलेले असतात. राउटरमधली रेंज आणि पीबीएक्समधली रेंज तंतोतंत एकच हवी. सुरक्षिततेच्या नावाखाली कुणी ती १०००० ते १००२० करून ठेवलेली असते. एका कॉलच्या प्रत्येक टोकाला दोन पोर्ट लागतात, म्हणजे बाहेरच्या एका कॉलला चार. अशा रेंजमध्ये पाच कॉल मावतात आणि सहावा बिघडतो. सकाळी सगळं ठीक आणि गर्दीच्या वेळी तक्रार, याचं हे एक कारण.

५०६० पोर्ट मात्र सगळ्या जगाला उघडून ठेवू नका, आणि पीबीएक्सला ‘डीएमझेड’मध्ये, म्हणजे राउटरच्या संरक्षणाबाहेर, तर मुळीच टाकू नका. त्याने आवाज येतो हे खरं, म्हणूनच हा सल्ला फार फिरतो. पण उघडं ५०६० शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात. १०१ एक्स्टेंशनचा पासवर्डही १०१ असला, तर रात्रीतून परदेशी कॉल लागतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. राउटरमध्ये फक्त सेवा देणाऱ्याचेच आयपी येऊ द्या, बाहेरच्या माणसांना व्हीपीएन द्या, आणि गरज नसेल तर ट्रंकवरची आयएसडी कंपनीला सांगून बंद ठेवा.

६. सिप ट्रंकचा दुसरा आयपी

आपल्याकडे पीआरआयच्या (जुनी डिजिटल फोन लाइन) जागी येणारी सिप ट्रंक पुष्कळदा साध्या इंटरनेटवरून येत नाही. टेलिकॉम कंपनी वेगळी फायबर टाकते, वेगळा डबा ठेवते, आणि पीबीएक्सच्या दुसऱ्या लॅन पोर्टला खाजगी आयपी देते. इन्स्टॉलेशनच्या कागदावर दोन पत्ते असतात, एक सिग्नलिंगचा आणि एक मीडियाचा. बसवणारा घाईत पहिल्याचाच रूट, म्हणजे पाकिटं कुठल्या वाटेने पाठवायची ती नोंद, टाकतो.

समजा सिग्नलिंग १०.५०.१.१० आणि मीडिया १०.५०.८.० पासूनचं २४ चं नेटवर्क. पीबीएक्समध्ये फक्त पहिल्याचा स्टॅटिक रूट असला, तर घंटी बरोबर वाजते. समोरच्याचा आवाजही येतो, कारण तो त्याच फायबरवरून आत येतो. आपला आवाज मात्र डिफॉल्ट गेटवेने, म्हणजे इंटरनेटच्या राउटरकडून, बाहेर पडायला जातो आणि तिथेच मरतो. लक्षण अगदी नेमकं: आपल्याला सगळं ऐकू येतं, गिऱ्हाइकाला काही नाही. इलाज म्हणजे मीडियाच्या नेटवर्कसाठी एक ओळ, ट्रंकच्या गेटवेकडे दाखवणारी. ती कायमची सेव्ह करा, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला जाते आणि तक्रार ‘परत सुरू झाली’. मीडिया आयपीला पिंग करून उत्तर आलं नाही म्हणून रूट चुकला असं समजू नका, पुष्कळ कंपन्या पिंग बंदच ठेवतात. रूटचा तक्ता वाचा.

ट्रंकसाठीचा ‘एक्स्टर्नल ॲड्रेस’ही इथे वेगळा पडतो. खाजगी फायबरवरच्या कंपनीला तुमचा इंटरनेटचा पत्ता दिला, तर तिचा आवाज तुमच्याकडे येणार नाही. तिचं सिग्नलिंग आणि मीडिया, दोन्ही नेटवर्क ‘लोकल नेटवर्क्स’मध्ये घाला.

७. दोन इंटरनेट लाइन

एक बंद पडली तर दुसरी, म्हणून दोन कंपन्यांचं नेट घेतात, आणि राउटर दोन्हींवर भार वाटून टाकतो. वेबसाइट उघडायला हे छान. फोनला घातक. निरोप पहिल्या लाइनने गेला, आवाजाची पाकिटं दुसऱ्या लाइनने निघाली. समोरचा सर्व्हर अनोळखी पत्त्यावरून आलेली पाकिटं टाकून देतो. कुठला कॉल कुठल्या लाइनला पडेल याचा नेम नसल्यामुळे दहातले तीन-चारच बिघडतात, आणि नेमका तंत्रज्ञ आला की सगळे नीट चालतात.

फोन आणि पीबीएक्सच्या आयपींसाठी राउटरमध्ये पॉलिसी रूट लावा: यांचं सगळं पहिल्या लाइननेच, आणि ती मेली तरच दुसरीने. लाइन बदलल्यावर जुन्या यूडीपी जोडण्या आपोआप साफ होतील अशी सोय राउटरमध्ये असेल तर चालू करा. नसेल तर पहिली लाइन परत आल्यावरही फोन दुसरीलाच चिकटून राहतात, आणि येणारे कॉल वाजत नाहीत.

८. शाखा

पुण्यातल्या मुख्य ऑफिसात पीबीएक्स, नाशिक आणि कोल्हापूरला फोन, मध्ये व्हीपीएन. नाशिक-पुणे ठीक, कोल्हापूर-पुणे ठीक, नाशिक-कोल्हापूर मुकं. कारण डायरेक्ट मीडिया: कॉल जोडून दिल्यावर पीबीएक्स बाजूला होतो आणि दोन्ही फोनना एकमेकांशी थेट बोला म्हणून सांगतो. व्हीपीएन मात्र प्रत्येक शाखेतून फक्त पुण्यापर्यंत आहे. ‘डायरेक्ट मीडिया’ला ‘नो’ केलं की आवाज पुण्याहून फिरून जातो, थोडा जास्त वेळ घेतो, पण जातो.

दोन्ही शाखांचं नेटवर्क १९२.१६८.१ असेल, तर याने भागणार नाही. राउटर खोक्यातून निघाला तसाच लावला की हे होतंच. एका शाखेचे आयपी बदलावे लागतील. प्रिंटर, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक मशीन सगळ्यांचे आयपी बदलतात, म्हणून रविवार राखून ठेवा.

९. फोन झोपतो, किंवा कॉल १५ मिनिटांनी तुटतो

रीस्टार्टनंतर थोडा वेळच येणारे कॉल वाजत असतील, तर राउटर यूडीपीची वाट फार लवकर बंद करतो आहे. फोन तासातून एकदा हजेरी लावतो, आणि राउटर काही सेकंद किंवा मिनिटं शांतता दिसली की दार लावून घेतो. फोनमध्ये ‘कीप अलाइव्ह’ २० ते ३० सेकंद ठेवा. हजेरीची मुदत, म्हणजे ‘रजिस्टर एक्स्पायरी’, ३०० सेकंद पुरे. ग्रँडस्ट्रीमच्या फोनमध्ये ही मुदत मिनिटांत लिहायची असते आणि येलिंकमध्ये सेकंदांत. ग्रँडस्ट्रीममध्ये ३०० लिहिलंत तर पाच तास होतात.

बरोबर १५ किंवा ३० मिनिटांनी तुटणारा कॉल सेशन टायमरचा. त्याची नेहमीची मुदत १८०० सेकंद, आणि अर्ध्या वाटेवर ‘अजून आहेस ना’ अशी विचारणा होते. ती विचारणा एएलजी किंवा फायरवॉलमध्ये अडली की कॉल तुटतो. आधी तिसरी पायरी नीट झाली आहे का ते पाहा. मगच ट्रंकवर सेशन टायमर बंद करून बघा, तेही कंपनीला विचारून.

१०. पाकिटं पकडून बघणं

इथवर आलात आणि आवाज नाही, तर अंदाज पुरे. पीबीएक्सवर एसएनग्रेप (सिपचे निरोप दाखवणारा प्रोग्राम) चालवा, किंवा ट्रेस, म्हणजे पकडलेल्या पाकिटांची फाइल, घेऊन वायरशार्कमध्ये उघडा. त्यात ‘टेलिफोनी’ मेनूखाली ‘व्हॉइप कॉल्स’ आहे. कॉलच्या पहिल्या निरोपात खालच्या बाजूला दोन ओळी शोधा, स्क्रीनवर रोमन अक्षरांत दिसतील: ‘सी=आयएन आयपी४ १९२.१६८.१.५०’ आणि ‘एम=ऑडिओ १०३४२ आरटीपी/एव्हीपी ८ १०१’. पहिली म्हणजे आवाजाचा पत्ता. दुसरीत १०३४२ हा पोर्ट, ८ म्हणजे जी.७११ चा ए-लॉ प्रकार, १०१ म्हणजे बटणांचे टोन. बाहेरच्या कॉलच्या पहिल्या ओळीत १९२.१६८ दिसलं, तर पाचव्या पायरीकडे परत जा. ती ओळ बरोबर असेल, तर ‘आरटीपी स्ट्रीम्स’ उघडा आणि मोजा. एका कॉलला दोन दिशांच्या दोन ओळी हव्यात. एकच दिसली, तर कोणती गायब आहे त्यावरून रस्ता कुठे तुटला ते कळतं.

आवाज तुटत असेल तर

पत्त्याचा यात संबंध नाही, प्रश्न गर्दीचा आहे. जी.७११ च्या एका कॉलला प्रत्येक दिशेने साधारण ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे वीस कॉलना पावणेदोन एमबीपीएस. एवढं सगळ्यांकडे असतं. पण दुपारी कुणी मोठी फाइल अपलोड करायला लावली किंवा सीसीटीव्हीचा बॅकअप क्लाउडला सुरू झाला, की अपलोड भरून जातं आणि फोनची पाकिटं रांगेत थांबतात. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत, पाकिटांची गळती १ टक्क्याच्या आत आणि जिटर, म्हणजे त्या उशिरातला चढउतार, ३० मिलिसेकंदांच्या आत हवा. राउटरमध्ये डीएससीपी ४६ ही आवाजाची खूण असलेल्या पाकिटांना पहिला मान द्या आणि एकूण अपलोड प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. फोन वायफायवर असतील तर वायरवर आणा. टीम्सवर बोलणाऱ्या ऑफिसांनी यूडीपी ३४७८ ते ३४८१ हे पोर्ट बाहेर जाऊ देतो का ते फायरवॉलमध्ये बघावं. ते बंद असले की आवाज टीसीपी ४४३ वरून जातो आणि थोड्या गर्दीतही अडखळतो.

इथे थांबा

कॉलच्या यादीत तुम्ही न लावलेले परदेशी कॉल दिसले, तर दुरुस्ती तिथेच सोडा. पीबीएक्सची इंटरनेटची केबल काढा, कंपनीला फोन करून आयएसडी बंद करायला लावा आणि जाणकाराला बोलवा. मशीन फॉरमॅट करू नका, पुरावा त्यातच आहे.

फोर्टिगेट किंवा सोफोससारख्या फायरवॉलची कमांड लाइन कधी उघडली नसेल, तर शिकायला ही वेळ नव्हे. चालू ऑफिसचं नेट जातं.

हॉस्पिटल, हॉटेल, कारखान्याचं गेट अशा ठिकाणी, जिथे फोन बंद राहणं धोक्याचं आहे, तिथे चौथ्या पायरीपुढे एकट्याने जाऊ नका, आणि काम चालू असताना ११२ लावता येईल असा एक मोबाइल टेबलावर ठेवा.

परदेशी इंटरनेट कॉल तुमच्या ट्रंकवरून इथल्या मोबाइलवर उतरवून देतो, सेटिंग मी करतो, असं कुणी सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. ते बेकायदेशीर आहे.

आणि ट्रेसमध्ये तुमची पाकिटं योग्य पत्त्याला निघालेली दिसत असून समोरून एकही येत नसेल, तर दोष कंपनीच्या बाजूला आहे. नुसतं ‘आवाज येत नाही’ म्हणून तक्रार नोंदवली, तर ‘आमच्याकडून लाइन ओके आहे’ एवढंच उत्तर येतं. तीन बिघडलेले आणि एक चांगला कॉल निवडा. प्रत्येकाची सेकंदापर्यंतची वेळ, कुठून कुठे, कॉल-आयडी आणि ट्रेसची फाइल जोडून पाठवा, आणि ‘आमच्या मीडिया आयपीकडे आरटीपी का येत नाही’ असं नेमकं विचारा. चांगला कॉल जोडायला विसरू नका; त्यांचा इंजिनिअर दोन्ही शेजारी ठेवून बघतो.